पोर्टेबल सॉफ्टवेअरसाठी वेगवान पेन ड्राइव्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजची लॅब, ऑफिसचा कुलूपबंद पीसी, मामाच्या घरचा जुना डेस्कटॉप. यंत्र कुणाचंही असो, ब्राउझर, ऑफिस आणि पासवर्ड आपलेच हवेत, अशा मंडळींसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. फक्त फोटो आणि सिनेमे इकडून तिकडे न्यायचे असतील तर एवढा विचार करायची गरज नाही, कुठलाही बरा पेन ड्राइव्ह चालेल.

पोर्टेबल सॉफ्टवेअर म्हणजे काय? त्यासाठी पेन ड्राइव्ह वेगळा कशाला हवा?

जे इन्स्टॉल न करता चालतं आणि आपली सेटिंग्ज विंडोजच्या रजिस्ट्रीत (म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत) न ठेवता स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतं, ते पोर्टेबल. जॉन हॅलर यांनी २००४ मध्ये फायरफॉक्सची अशी आवृत्ती काढली आणि त्यातूनच पुढे पोर्टेबलअ‍ॅप्स हा आजचा मोठा संग्रह उभा राहिला. लिबरऑफिस, व्हीएलसी, गिंप (फोटो सुधारायला), कीपास (पासवर्डची तिजोरी), नोटपॅड प्लस प्लस, सेव्हन-झिप, सुमात्रा पीडीएफ हे सगळं त्या रूपात फुकट मिळतं.

फरक असा. सिनेमा पाहताना पेन ड्राइव्ह एक मोठी फाईल सरळ वाचत जातो. सॉफ्टवेअर चालताना मात्र तोच तुमची हार्ड डिस्क होतो. शेकडो छोट्या फायली इथून तिथून उचलायच्या, मध्येच चिमूटभर काहीतरी लिहायचं, पुन्हा वाचायचं. या कामासाठी बहुतेक पेन ड्राइव्ह बनवलेलेच नसतात.

खोक्यावर ‘१५० एमबी प्रति सेकंद’ लिहिलंय. तरी फायरफॉक्स उघडायला इतका वेळ का?

घोडं पेंड खातं ते इथेच, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर.

खोक्यावरचा आकडा सलग वाचनाचा असतो. वाण्याच्या दुकानातून तांदळाचं एक अख्खं पोतं उचलून टेम्पोत टाकायला किती वेळ लागतो, एवढंच तो सांगतो. तुमचं सॉफ्टवेअर मागतं ती दोनशे जिन्नसांची यादी: छटाकभर जिरं, दोन रुपयांची तुरटी, पाव किलो गूळ. प्रत्येक पुडी वेगळी बांधायची. पोतं झटक्यात उचलणारा गडी पुड्या बांधायला तेवढाच चपळ असेल असं नाही.

या पुड्या बांधण्याच्या वेगाला ‘रँडम ४के’ म्हणतात, म्हणजे चार-चार किलोबाइटचे तुकडे वाटेल तिथून वाचणं किंवा लिहिणं. वाचनात साधे पेन ड्राइव्ह कसेबसे निभावून नेतात. लेखनात मात्र अनेक स्वस्त ड्राइव्ह एक एमबीच्या कितीतरी खाली घसरतात. हिशेब करून पाहा. रँडम लेखनाचा वेग सेकंदाला ०.०५ एमबी असेल, तर सेकंदाला जेमतेम बारा तुकडे लिहून होतात. तोच वेग १० एमबी असेल, तर अडीच हजार. खोक्यावर दोघांच्याही ‘१५०’च लिहिलेलं असू शकतं.

आणि ब्राउझर सतत लिहीत असतो. बुकमार्क आणि इतिहास यांचा छोटा डेटाबेस, कुकीज, उघड्या टॅबची नोंद, शिवाय कॅश, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून जपून ठेवलेला पानांचा मजकूर. तुम्ही पान वाचत बसलेले असता आणि आत पुड्या बांधणं चालू असतं. खिडकी मध्येच गोठते ती अशा वेळी, आणि आपण मात्र इंटरनेटला दोष देतो.

पण लेखन इतकं मंद का असतं?

पेन ड्राइव्हच्या आतली फ्लॅश मेमरी लिहिते छोट्या ‘पेज’मध्ये, पण पुसते मात्र मोठ्या ‘ब्लॉक’मध्ये. पाटीवरचं एक अक्षर बदलायचं तर आधी सगळी पाटी वहीत उतरवून घ्या, पाटी पुसा आणि दुरुस्तीसकट सगळं पुन्हा लिहा, असा तो कारभार आहे. एसएसडीतला (नव्या लॅपटॉपांतल्या वेगवान फ्लॅश डिस्कमधला) कंट्रोलर, म्हणजे मेमरीचा कारभार पाहणारी चिप, हुशार असतो. तो नवीन मजकूर दुसऱ्या कोऱ्या पाटीवर लिहितो, जुन्याची नोंद ठेवतो आणि पुसापुशी फावल्या वेळात उरकतो. स्वस्त पेन ड्राइव्हमधल्या कंट्रोलरला ना तेवढी बुद्धी, ना तेवढी स्मृती.

त्यात मेमरीच्या एका कणात (सेलमध्ये) किती बिट कोंबलेत हाही मुद्दा आहेच. एसएलसीत एक, एमएलसीत दोन, टीएलसीत तीन, क्यूएलसीत चार. बिट वाढले की क्षमता स्वस्त होते, लेखन मंदावतं आणि झीज वाढते. बरेच उत्पादक थोडीशी जागा एसएलसीसारखी वापरून तिला कॅश म्हणतात. पहिले एक-दोन जीबी भुर्रकन जातात आणि मग वेग एकदम बसतो तो या कॅशचा शेवट झाला म्हणून.

यूएसबी ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १... नक्की कोणता घ्यायचा?

ही तिन्ही एकाच वस्तूची नावं आहेत. २००८ चं यूएसबी ३.०, सेकंदाला ५ गिगाबिट. मधल्या काळात बारसं दोनदा झालं, बाळ तेच. ‘३.२ जेन २’ म्हणजे १० गिगाबिट आणि ‘जेन २ बाय २’ म्हणजे २०. यूएसबी २.० हे २००० सालचं, ४८० मेगाबिटचं. आठाने भागलं की ६० एमबी येतात, हातात पडतात साधारण तीस-चाळीस.

पण हा झाला रस्त्याचा वेग. ‘३.२’ छापलेले कितीतरी ड्राइव्ह आतून इतके मठ्ठ असतात की त्यांना रस्ता रुंद असल्याचा काही उपयोग नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. यूएसबी ३ हवंच, पण तेवढ्याने भागत नाही.

दोन बारीक गोष्टी. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टपेक्षा मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट भरवशाचा. आणि जुन्या चौकोनी यूएसबीत ड्राइव्ह हळूहळू सरकवत घातला तर कधी कधी २.० च्या पट्ट्या आधी टेकतात आणि पीसी त्याला २.० म्हणूनच धरून बसतो. वेग संशयास्पद वाटला तर काढा आणि एका दमात घाला.

मग घेऊ तरी कोणता? नाव सांगा.

मी तीन पायऱ्या मानतो.

सगळ्यात वर ‘काडीच्या आकाराची एसएसडी’. दिसते पेन ड्राइव्हसारखी, आत मात्र एसएसडीच्या धाटणीचा कंट्रोलर. ट्रान्सेंडचा ईएसडी३१० (कंपनीचा दावा वाचनाला १०५०, लेखनाला ९५० एमबी) आणि किंग्स्टनचा डेटाट्रॅव्हलर मॅक्स (१०००/९००) या जातीचे. हजारचा आकडा गाठायला १० गिगाबिटचा पोर्ट लागतो, पण तो आकडा विसरा. पैसे द्यायचे ते पुड्या बांधण्याच्या चपळाईचे, आणि ती साध्या यूएसबी ३.० पोर्टवरही मिळते.

दुसऱ्या पायरीवर सॅनडिस्कचा एक्स्ट्रीम प्रो, दावा ४२०/३८०. बाजारात बराच काळ टिकून असलेला ड्राइव्ह. एक युक्ती लक्षात ठेवा: जी कंपनी वाचन आणि लेखन दोन्हींचे आकडे सांगते तिच्याकडे लपवायला कमी असतं.

तिसऱ्या पायरीवर सॅमसंगच्या बार प्लससारखे धातूचे ड्राइव्ह. इथे ठळक आकडा फक्त वाचनाचा असतो, लेखनाबद्दल मौन. कीपास, नोटपॅड, पीडीएफ वाचक एवढंच चालवायचं असेल तर पुरे. पोर्टेबल ब्राउझर दिवसभर चालवणार असाल तर वरच्या पायरीवर जा.

आणि सॅनडिस्कचा तो लाल-काळा, चिमुकला क्रूझर ब्लेड? घराघरात आहे, माझ्याकडेही आहे, पण तो यूएसबी २.० आहे. त्याच्याकडून अपेक्षा ठेवणं हा त्याच्यावरच अन्याय.

एकाच नावाच्या मॉडेलमध्ये क्षमतेप्रमाणे वेग बदलतो हे दुकानदार सांगत नाही. ६४ जीबीचा बहुधा २५६ जीबीपेक्षा मंद असतो, कारण आत मेमरीच्या चकत्या कमी आणि त्यांच्यावर एकाच वेळी काम वाटता येत नाही. परीक्षण वाचताना ते कुठल्या क्षमतेचं आहे ते आधी पाहा.

पेन ड्राइव्हऐवजी लॅपटॉपमधून काढलेली जुनी एसएसडी चालेल का?

चालेल काय, पळेल. लॅपटॉप अपग्रेड केल्यावर उरलेली साटा किंवा एनव्हीएमई जातीची एसएसडी एका केसिंगमध्ये घातली की पोर्टेबल सॉफ्टवेअरसाठी यापरतं काही नाही. केसिंग घेताना ‘यूएएसपी’ आहे का एवढं विचारा. साधा पेन ड्राइव्ह एका वेळी एकच हुकूम घेतो, यूएएसपीत हुकमांची रांग लावता येते. तोटा म्हणजे केबल लटकते आणि खिशात मावत नाही. लॅबमध्ये विसरून येण्याची शक्यता मात्र कमी, हा माझ्यासारख्यांना फायदाच.

किती जीबीचा घ्यावा?

सॉफ्टवेअर वीस-पंचवीस जीबीच्या वर सहसा जात नाही. तरी १२८ किंवा २५६ घ्या. वेगाचं कारण वर आलंच, शिवाय फ्लॅश काठोकाठ भरली की कंट्रोलरला कोरी पाटी सापडत नाही. पाचवा हिस्सा मोकळा ठेवा. १२८ चा ड्राइव्ह विंडोजमध्ये ११९ दिसतो ती फसवणूक नव्हे: कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

घेतल्यावर वेग तपासायचा कसा?

क्रिस्टलडिस्कमार्क उतरवा, त्याचीही झिप आवृत्ती इन्स्टॉल न करता चालते. चार ओळी येतील. वरच्या ओळीतल्या मोठ्या आकड्यावर फिदा होऊ नका. बोट ठेवा सगळ्यात खालच्या ‘रँडम ४के, क्यू१टी१’ या ओळीवर. पोर्टेबल सॉफ्टवेअरचं भविष्य तिथे लिहिलेलं असतं.

किती आकडा चांगला? विंडोज व्हिस्टाच्या रेडीबूस्ट या, पेन ड्राइव्ह वापरून पीसीला वेग देणाऱ्या सोयीसाठी मायक्रोसॉफ्टने अट घातली होती की ४के रँडम वाचन किमान २.५ एमबी हवं. आजच्या मानाने ही अगदी तळाची रेघ. माझं माप असं: वाचन ५ च्या खाली किंवा लेखन १ च्या खाली असेल तर त्यावर ब्राउझर चालवू नये. दोन्ही दहाच्या पुढे असतील तर पेन ड्राइव्हवरून चालतंय हे विसरायला होतं.

सलग लेखनाचा खरा वेग हवा असेल तर चाचणीचा आकार १ जीबीवरून वाढवा, नाहीतर नुसती कॅशच मोजली जाते. आणि हौस म्हणून रोज चाचणी करू नका, प्रत्येक वेळी झीज होते.

ऑनलाइन ‘२ टीबी’चा पेन ड्राइव्ह चारशे-पाचशे रुपयांना दिसतोय. घेऊ का?

नको. कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आत असतात ३२ किंवा ६४ जीबी, विंडोजला सांगतो २ टीबी. खरी जागा संपली की पुढचा मजकूर जुन्यावरच जातो किंवा हवेत विरतो, आणि फायलींची नावं मात्र जागेवर दिसतात. मी एकदा फसलोय. रक्कम किरकोळ होती, पण त्यात टाकलेले एका लग्नाचे फोटो किरकोळ नव्हते.

नवा ड्राइव्ह, मग तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला असो, पुण्याच्या तपकीर गल्लीतून असो की ऑनलाइन, आल्याबरोबर एच२टेस्टडब्ल्यू या साधनाने पूर्ण भरून तपासा. लिनक्सवर त्यासाठी एफ३ आहे. मोठ्या ड्राइव्हला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. परत करण्याची मुदत संपायच्या आत हे उरका.

फॅट३२, एक्सफॅट की एनटीएफएस?

ड्राइव्ह फॉरमॅट करताना निवडायच्या या तीन पद्धती. फॅट३२ सगळीकडे चालतं, पण एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. एक्सफॅट मोठ्या फायलींना छान. पण ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हवर विंडोज त्याचा क्लस्टर (फाईलला जागा देण्याचा सगळ्यात छोटा तुकडा) आपोआप १२८ केबीचा धरतं. एक केबीची फाईलसुद्धा १२८ केबी जागा अडवते. लिबरऑफिसमध्ये अशा हजारो चिल्लर फायली असतात, मग जागा कुठे गेली हे कळत नाही. फॉरमॅट करताना ‘अलोकेशन युनिट’मध्ये, म्हणजे याच क्लस्टरसाठी, ३२ केबी निवडा.

एनटीएफएस प्रत्येक बदलाची रोजनिशी ठेवतं, त्यामुळे अचानक ओढून काढल्यावर फाईल सिस्टीम सावरण्याची शक्यता जास्त. पण ती रोजनिशी म्हणजे जादा लेखन. मंद ड्राइव्हवर ते जाणवतं. माझा शिरस्ता: काडीच्या एसएसडीवर एनटीएफएस, साध्या ड्राइव्हवर एक्सफॅट. मॅकवर एनटीएफएस नुसतं वाचता येतं हे ध्यानात ठेवा.

नवा घ्यायला आत्ता पैसे नाहीत. आहे त्याच ड्राइव्हला पळवता येईल का?

पळणार नाही, पण लंगडणं कमी होईल.

सगळ्यात गुणकारी उपाय अगदी गावठी आहे: अख्खं पोर्टेबल फोल्डर झिप करून ठेवा. दुसऱ्याच्या पीसीवर बसलात की ती एक मोठी फाईल डेस्कटॉपवर घ्या, तिथेच उघडा, तिथून चालवा. जाताना पुन्हा झिप करून परत आणा आणि मागचं पुसून टाका. पोतं उचलण्यात तुमचा ड्राइव्ह वाघ आहे, मग त्याला तेच काम द्या. परक्या पीसीवर पासवर्ड आणि इतिहास पुसायला विसरलात तर मात्र पंचाईत, कारण डिलीट केलेलं परत काढता येतं.

ब्राउझर ड्राइव्हवरूनच चालवायचा असेल तर डिस्कवरची कॅश बंद करा, मेमरीतली राहू द्या. अ‍ॅडऑन कमी करा. जाहिराती अडवणारं एक ठेवा, त्याने लेखनही कमी होतं. गिंप पहिल्यांदा उघडताना प्लगइन आणि फॉन्ट यांची मोजदाद करतं, तेव्हा चहा घेऊन या. आणि पर्याय असेल तिथे हलकं सॉफ्टवेअर निवडा. पीडीएफसाठी सुमात्रा, फोटो पाहायला इरफानव्ह्यू.

कधी कधी दोष ड्राइव्हचा नसतोच. त्या पीसीवरचा अँटीव्हायरस प्रत्येक फाईल उघडण्याआधी हुंगतो. ऑफिसच्या यंत्रावर त्याला इलाज नाही.

‘सेफली रिमूव्ह’ न करता ओढून काढला तर चालतं ना?

फोटोंच्या बाबतीत बहुतेक वेळा खपून जातं. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ हाच मूळ पर्याय आहे, म्हणजे विंडोज लेखन फार वेळ तुंबवून ठेवत नाही. पण पोर्टेबल सॉफ्टवेअर चालू असताना ओढणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढचं ताट उचलणं. आधी सॉफ्टवेअर बंद करा, दिवा लुकलुकायचा थांबू द्या, मग रीतसर काढा. ‘बेटर परफॉर्मन्स’ पर्यायाने लेखनाला थोडा जोर येतो, पण मग सेफली रिमूव्ह चुकवायची सोय उरत नाही. आणि हे सेटिंग त्या-त्या पीसीवर राहतं, ड्राइव्हसोबत प्रवास करत नाही.

झेरॉक्सच्या दुकानात लावला आणि सगळी फोल्डरं शॉर्टकट झाली. आता?

शॉर्टकट व्हायरस. फायली बहुधा शाबूत असतात, फक्त लपवलेल्या. त्या शॉर्टकटवर टिचकी मारू नका, आपल्या अँटीव्हायरसने साफ करा आणि मग लपवलेल्या फायली उघड करा. पुढच्या वेळेसाठी साधा नियम: प्रिंटसाठी वेगळा, जुना, लहान ड्राइव्ह. त्यात फक्त ती पीडीएफ. सॉफ्टवेअर आणि पासवर्ड असलेला ड्राइव्ह दुकानातल्या पीसीला दाखवायचाही नाही. लेखन बंद करणारी बारीक कळ असलेले ड्राइव्ह मिळतात, पण कळ बंद असताना पोर्टेबल सॉफ्टवेअरलाही आपली सेटिंग्ज लिहिता येत नाहीत आणि काही तर उघडतच नाहीत.

दुसऱ्याच्या पीसीवर माझं मराठी नीट दिसेल का?

युनिकोडमध्ये असेल तर हो. विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा फॉन्ट सोबतच येतो. मंगल मात्र विंडोज १० मध्ये ऐच्छिक झाला, त्यामुळे तो नसला तर ओळी थोड्या सरकतात. तुमचा आवडता फॉन्ट लिबरऑफिस पोर्टेबलच्या आतल्या ‘शेअर’, मग ‘फॉन्ट्स’, मग ‘ट्रूटाइप’ या फोल्डरात टाकून ठेवा, तो इन्स्टॉल न करता वापरता येतो. श्रीलिपीसारख्या जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूरही तोच फॉन्ट तिथे ठेवल्यावर दिसतो. त्याशिवाय उघडलात तर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

पोर्टेबल क्रोम दुसऱ्या पीसीवर लावलं की पासवर्ड गायब होतात. ड्राइव्ह खराब आहे का?

नाही. क्रोम पासवर्डना विंडोजच्या त्या खात्याच्या किल्लीने कुलूप लावतं. पीसी बदलला की किल्ली बदलली. पासवर्ड कीपासमध्ये ठेवा किंवा फायरफॉक्स वापरा.

पेन ड्राइव्हवरून अख्खं विंडोज चालवता येईल?

मायक्रोसॉफ्टचीच ‘विंडोज टू गो’ ही सोय २०१२ मध्ये विंडोज ८ एंटरप्राइजसोबत आली आणि २०२० च्या विंडोज १० आवृत्तीत काढून टाकली गेली. त्यासाठी ठराविक प्रमाणित ड्राइव्हच लागायचे, यातच काय ते आलं. रूफससारख्या साधनाने आजही जमवता येतं, पण काडीच्या एसएसडीखेरीज त्या वाटेला जाऊ नका. जुन्या ड्राइव्हवर हलकं लिनक्स लाइव्ह चालवणं त्यापेक्षा शहाणपणाचं, कारण ते बरंचसं मेमरीत चढून बसतं.

ड्राइव्ह चटका बसेल इतका तापतो. बिघडलाय का?

बहुधा नाही. नखाएवढ्या धातूच्या डबीत वेगवान कंट्रोलर कोंबला की उष्णता जाणार कुठे? फार तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. सतत चालवायचा असेल तर इवलासा ड्राइव्ह टाळून लांबट घ्या. आणि ड्राइव्ह लावल्यावर बिनतारी माउस अडखळू लागला तर दचकू नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो आणि माउसची चिप शेजारीच बसलेली असते. दोघांना लांबच्या पोर्टवर पाठवा.

हे सगळं मोबाइलवर ओटीजी लावून चालेल?

फायली उघडतील. विंडोजचं सॉफ्टवेअर चालणार नाही.

ड्राइव्ह हरवला किंवा मेला तर?

हरवण्यासाठी कुलूप: बिटलॉकर टू गो विंडोज प्रोवर लावता येतं, उघडता होमवरही येतं. व्हेराक्रिप्टची पोर्टेबल आवृत्ती आहे, पण ती चालवायला त्या पीसीवर अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात आणि लॅबमध्ये नेमके तेच नसतात. निदान पासवर्ड तरी कीपासच्या फाईलमध्ये, म्हणजे कुलपातच असू द्या.

मरण्यासाठी प्रत: फ्लॅश जाताना आवाज करत नाही. हार्ड डिस्क निदान आधी खडखडते, पेन ड्राइव्ह काल चालू होता आणि आज विंडोज म्हणतं ‘फॉरमॅट करा’. पोर्टेबल सॉफ्टवेअरची मौज अशी की सगळं एकाच फोल्डरात असतं. दर रविवारी ते घरच्या पीसीवर ओढून ठेवायचं. मग एखाद्या दिवशी पेन ड्राइव्ह गेला तर दुकान उघडायच्या वेळेला नवा आणायचा, फोल्डर टाकायचं आणि टॅब होते तिथून पुढे.